आवाज न करणारी चप्पल

चिरंजीव संध्याकाळी कामावरून आले ते चार खोकी छातीशी धरून, आणि पायातले बूट काढायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, "आजपासून या घरात जुनी चप्पल बंद!"

चिरंजीव चपलांच्या कंपनीत होते. चपला बनवत नसत, चपलांबद्दल लिहीत असत. खोक्यावर, फलकावर, दुकानाच्या काचेवर जी वाक्यं असतात ती कुणीतरी खुर्चीत बसून लिहिलेली असतात, हे आपल्या डोक्यात कधी येत नाही. ती हे लिहीत. स्वतःच्या चपलेचा तुटलेला अंगठा त्यांनी जन्मात कधी वेळेवर शिवून आणला नव्हता, पण टाचेला आराम कसा मिळतो यावर ते तासभर बोलू शकत. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते असं.

"हिचं नाव मऊमऊ," त्यांनी एक चप्पल काढून सूनबाईंच्या नाकासमोर धरली. "चालताय की तरंगताय, कळणार नाही. पहिल्या पावलापासून आराम. आणि आवाज? शून्य! फरशीवर चाला, जिन्यात चाला, चिडीचूप."

"आणि टिकते का?" सूनबाईंनी विचारलं.

"वर्षानुवर्षं."

"कुणी वापरून बघितली?"

"अगं, अजून बाजारात यायची आहे!"

"मग वर्षानुवर्षं कुठून आली?"

"तसं लिहावं लागतं," चिरंजीव म्हणाले. "आणि मागच्या बाजूला माझं एक वाक्य आहे बघ, साहेबांनी उठून पाठ थोपटली." पण तेवढ्यात गॅसवरचं दूध वर आलं आणि सूनबाई धावल्या. ते वाक्य तेव्हा कुणी वाचलं नाही.

आई खुर्चीत बसून ऐकत होती. ती म्हणाली, "माणसं तीन आणि खोकी चार कशी रे?"

चिरंजीवांनी चौथं खोकं हळूच बाजूला सारलं. कंपनीत घरच्यांची मापं मागितली तेव्हा त्यांनी सवयीनं सांगून टाकली होती, आणि त्यात नानांचं, म्हणजे वडिलांचं, मापही गेलं होतं. नानांना जाऊन अजून एक ऋतू उलटला नव्हता. खिडकीजवळच्या खुर्चीत, भर दुपारी, मांडीवर पेपर ठेवून ते बसले होते ते बसलेच. घरात सगळे होते. चिरंजीव आत फोनवर बोलत होते, सूनबाई कपाट आवरत होत्या, आई ओट्याशी होती. चहा थंड झाल्यावर लक्षात आलं.

"ताईला देऊ ती," चिरंजीव खाली बघत म्हणाले. ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. तिचा पाय नानांवर गेला होता, त्यामुळे माप वाया जाणार नव्हतं.

या घरात पूर्वीपासून सगळे घरातही चप्पल घालत, कारण फरशी बर्फासारखी गार पडे. चिरंजीवांनी त्या जुन्या चपला गोळा केल्या, गाठोडं बांधलं आणि कचऱ्याच्या गाडीत टाकून आले. त्यांना वाटलं सगळ्या गेल्या. नानांचा जोड मात्र आईनं आधीच उचलून पिठाच्या डब्यामागे सारला होता. ते कुणालाच माहीत नव्हतं.

आणखीही एक गोष्ट कुणाला माहीत नव्हती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचा घोटाळा कळायचा नाही. आईला दिसत नव्हतं. अगदीच नाही असं नाही. खिडकी कुठे, दिवा कुठे, एवढं कळे. बाकी सगळं धुकं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला आणि नानांना समोर बसवून सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही. घरी येताना आईनं नानांकडून शब्द घेतला, की मुलांना सांगायचं नाही. सांगितलं तर पहिल्यांदा गॅस हातातून जाईल, मग सुरी जाईल, मग ताई येऊन म्हणेल, चल माझ्याकडे, तुला काही करायला नको. आणि काही करायला नको, याचीच आईला धास्ती होती. पन्नास माणसांचा स्वयंपाक एका हाती उचललेली बाई ती. तिला खुर्चीत बसवून हातात टीव्हीचा रिमोट दिला असता तर ती महिन्याभरात संपली असती.

नानांनी शब्द पाळला. जाता येता ते सहज म्हटल्यासारखं म्हणत, "मिठाची बरणी पुढे आलीये हं," किंवा "शेजारीणबाई आल्यात, हिरवी साडी छान आहे." आणि आई शेजारीणबाईंना म्हणे, "हिरवा रंग खुलतो तुम्हाला!" कुणाला शंका यायची काय बिशाद!

नाना गेले आणि आईजवळ तिचे कान तेवढे उरले. पण कान तयार होते. मुलगा फरफर पाय घासत चालतो, सून टक टक टक करत पळतच असते, एवढ्यावर तिला घर समोर मांडल्यासारखं दिसे. त्या घरात चिरंजीवांनी प्रेमानं, फुकट, मऊमऊ आणली.

दुसऱ्याच दिवशी आईनं चहाचा गाळ मागच्या दारातून बाहेर फेकला, तो थेट चिरंजीवांच्या सदऱ्यावर. ते दारातच फोनवर उभे होते.

"आई! अगं, मी आहे इथे!"

"मग बोलायचं नाही का?"

"बोलतच होतो! साहेब बोलत होते म्हणून ऐकत होतो!"

सदरा बदलला, विषय संपला. पण तिसऱ्या दिवशी सूनबाई ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या, आईला उजेड अडल्याचं तेवढं कळलं, आणि मुलगाच आला आहे अशा समजुतीनं आई हळू आवाजात म्हणाली, "अरे, तुझ्या बायकोला जरा सांग, ओट्यावरच्या बरण्या सारख्या इकडच्या तिकडे करू नकोस म्हणावं. पण माझं नाव घेऊ नकोस. तिला वाटेल सासू कटकटी आहे."

तोंडावर बोलणारी सासू सूनबाईंनी ऐकली होती, पाठीमागे बोलणारीही ऐकली होती. पण तोंडावर उभं करून पाठीमागे बोलणारी हा नवाच प्रकार होता. त्या आल्या तशा निघून गेल्या. मऊमऊ असल्यामुळे त्या गेल्या हेही आईला कळलं नाही, आणि ती रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणत राहिली, "पोर गुणी आहे रे, फक्त हाताला स्थिर नाही." चांगलं बोलली ते असं वाऱ्यावर गेलं.

चिरंजीवांची पाळी दुसऱ्या दिवशी आली. ते पाणी प्यायला आले, आणि आईनं त्यांना सूनबाई समजून मन मोकळं केलं. "तुझ्या नवऱ्याचं मला नवल वाटतं. बाप गेला, एकदा रडला नाही. दुसऱ्या आठवड्यात कामावर. चपलांचं कौतुक करत फिरतोय."

चिरंजीवांनी पेला तसाच खाली ठेवला. हे तिनं त्यांच्या तोंडावर म्हणावं, आणि 'तुझा नवरा' म्हणून म्हणावं! त्यांच्या मनात पहिल्यांदा शंकेची पाल चुकचुकली. आईच्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही?

त्याच दिवशी नळदुरुस्तीवाला आला. त्याच्या पायात जाड तळाचे बूट होते, आणि ते धाड धाड वाजत होते. आई त्याला बघून, म्हणजे ऐकून, इतकी खूश झाली की बोलायची सोय नाही. "ये बाबा, ये. मोरीतला नळ ना? उजवीकडे हो, तिथे बादली आहे. गुडघा कसा आहे आता?" घरच्या लोकांना ओळखत नाही आणि नळवाल्याचा गुडघा आठवतो, हे चिरंजीवांनी दाराआडून पाहिलं आणि त्यांची खात्रीच पटली.

कळस झाला तो गच्चीत. नवीन चपलेबद्दल साहेबांशी फोनवरून बोलायचं होतं, म्हणून चिरंजीव खोलीबाहेरच्या छोट्या गच्चीत जाऊन उभे राहिले. आईनं वाऱ्याची झुळूक ओळखली, दार उघडं राहिलंय म्हणाली, आणि आतून कडी घातली. फोनवर साहेब बोलत होते, ओरडायची सोय नव्हती, म्हणून चिरंजीवांनी काच ठोठावली. आईला वाटलं शेजारी खिळा ठोकताहेत. त्यांनी जोरात ठोठावली. आई म्हणाली, "ठोका, ठोका, भिंत पाडा एकदाची," आणि अंघोळीला गेली. सूनबाई बाजारात. फोनमधून साहेब विचारताहेत, "कसला आवाज येतोय?" आणि चिरंजीव सांगताहेत, "साहेब, आपल्या चपलेचा तर नक्कीच नाही."

शेवटी त्यांनी शेजारच्या गच्चीत पाय टाकायचा ठरवलं. एक पाय पलीकडे, एक अलीकडे, आणि अशा ऐन वेळी वर्षानुवर्षं टिकणाऱ्या मऊमऊचा पट्टा तुटला. चप्पल खाली रस्त्यावर पडली. तीसुद्धा आवाज न करता पडली, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. चिरंजीव मात्र कठड्यावर बसल्या बसल्या जे ओरडले, ते साहेबांनी संपूर्ण ऐकलं.

संध्याकाळी सूनबाईंनी त्यांच्या पोटरीला मलम लावलं. "माझीही टाच सोलवटलीये," त्या म्हणाल्या. "आणि तळवा सुटत आलाय."

"पायाला सवय व्हायला वेळ लागतो."

"पहिल्या पावलापासून आराम होता ना?"

चिरंजीवांनी पाय मागे ओढून घेतला. थोड्या वेळानं म्हणाले, "ताईला बोलावतो. आईचं आता आपल्यानं होणार नाही. ती कुणालाच ओळखत नाही गं." आणि एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आत्ताच एक माणूस घरातून गेलं होतं. दुसरं डोळ्यांसमोर असून हातातून चाललं होतं, असं त्यांना वाटत होतं.

ताई रविवारी आली. ती शाळेत मुख्याध्यापिका, त्यामुळे कुठेही गेली तरी तपासणीला आल्यासारखीच वाटे. तिच्या हातात एक मोठी बॅग होती आणि ती रिकामी होती. बॅग जमिनीवर टेकली तेव्हाचा पोकळ आवाज आईनं ऐकला. ती रिकामी बॅग कशानं भरायची आहे, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

दारातच चिरंजीवांनी ताईला चौथं खोकं दिलं. ताईनं मऊमऊ पायात चढवली. माप बरोबर बसलं.

"आई, आज वार कोणता?" ताईनं सुरुवात केली.

"रविवार. नाहीतर तू आली असतीस का?"

"माझं लग्न कोणत्या महिन्यात झालं?"

"सांगते. तुझी सासू कोणत्या गोष्टीवरून रुसली होती, तेही सांगू का?"

"ते नको," ताई घाईनं म्हणाली. ती चक्रावली. तिनं भावाकडे पाहिलं. उत्तरं सगळी बरोबर येत होती, वरून शेरेही मिळत होते. आई ताठ बसली होती. आपण पास होतोय हे तिला कळत होतं, आणि अंगात जरा जोर आला तशी ती उठली. "बसा. मी चहा करते. तुम्हाला वाटतंय ना मला काही जमत नाही?"

तिनं चहा केला. एक थेंब सांडला नाही. कप घेऊन ती बाहेर आली आणि ताई ज्या खुर्चीत बसली होती त्या खुर्चीपुढे जाऊन तिनं कप पुढे केला. "घे. साखर कमी घातलीये तुझ्यासाठी."

पण ताई तिथे नव्हती. ती मध्येच उठून खिडकीपाशी, नानांच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली होती. मऊमऊ घालून. आईनं क्षणभर वाट पाहिली, ताईनं कप धरला असं समजून हात सोडला, आणि कप फरशीवर फुटला.

आई रिकाम्या खुर्चीसमोर हात पुढे करून तशीच उभी होती.

"बस्स झालं," ताई म्हणाली. "आई, बॅग भरू या. माझ्याकडे चल. तुला काही करायला नको."

आईचा हात हळूहळू खाली आला. डोळे गेल्यापासून ज्या वाक्याला ती भीत आली, ते शब्द न शब्द तसंच आलं होतं.

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. चर्र… टप. चर्र… टप.

चिरंजीवांच्या अंगावर काटा उभा राहिला. ताईनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. डाव्या पायाचा ढिला बंद फरशीवर घासत येणारा तो आवाज या घरात सगळ्यांना पाठ होता. नाना पेपर घेऊन खिडकीकडे निघाले की असाच यायचा. आईची पाठ स्वयंपाकघराकडे होती. ती वळली नाही. तिचा हात केसांकडे गेला, सुटलेली बट तिनं कानामागे सारली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मुलांनी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मग तिनं आणखी एक पाऊल ऐकलं, आणि ते मावळलं.

"सूनबाई," ती म्हणाली, "जपून ये गं. काचा डाव्या हाताला उडाल्यात."

सूनबाई केरसुणी घेऊन दारातच थबकल्या. सकाळीच त्यांच्या मऊमऊचा तळवा सुटून हातात आला होता. काचांत अनवाणी कसं यायचं, म्हणून काही मिळतं का बघताना पिठाच्या डब्यामागे नानांचा जोड सापडला, आणि घाईघाईत तोच पायात सरकवला होता.

"तुला कसं कळलं ती आहे ते?" ताईनं विचारलं. "तू तर पाठमोरी आहेस."

"चप्पल त्यांची आहे," आई म्हणाली. "चाल तिची आहे. ती सदा घाईत असते. ते कधी घाईत नसायचे."

सूनबाई पुढे आल्या. आईचे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले. गाळ, बरण्या, कडी, सगळं त्यांच्या डोक्यात एकदम एका ओळीत येऊन उभं राहिलं असावं. "आई," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला दिसत नाही ना?"

"दिसतं की," आई म्हणाली. "उजेड दिसतो."

ताई काचांपाशी खाली बसली. मुख्याध्यापिका असून तिला प्रश्न सुचेना. रडू लपवायला काहीतरी करायचं म्हणून ती काचा गोळा करू लागली, त्या ठेवायला तिनं शेजारचं मऊमऊचं खोकं ओढलं, आणि त्याच्या मागच्या बाजूचं ठळक अक्षरातलं वाक्य सवयीनं मोठ्यानं वाचलं.

"आलात, गेलात, कुणाला कळलंसुद्धा नाही."

तिघांचीही नजर खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेली. आईचीही मान तिकडेच वळली.

"हे तू लिहिलंस?" ताईनं विचारलं.

"हो," मुलगा म्हणाला.

"कधी?"

"कामावर परत गेलो त्या आठवड्यात." त्यानं ते खोकं हातात घेतलं आणि आपलंच वाक्य पहिल्यांदा वाचल्यासारखं वाचलं. "मला कळलंच नाही गं, मी काय लिहितोय." आणि मग तो रडला. उशिरा, पण पोटभर रडला, आणि आईनं आवाजाच्या दिशेनं येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. या वेळी ती चुकली नाही.

ताईची बॅग रिकामीच परत गेली. आईचा गॅस आईकडे राहिला, बरण्यांच्या जागा ठरल्या, आणि सूनबाईंनी त्या हलवायच्या नाहीत असं थेट सूनबाईंनाच सांगण्यात आलं. पायांचा प्रश्न उरला. चिरंजीव बाजारात गेले आणि एका चपलांच्या दुकानात शिरले.

"आवाज करणारी चप्पल आहे का?"

दुकानदारानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साहेब, आवाज करते म्हणून लोक चप्पल परत आणून देतात."

"मग ती परत आलेलीच दाखवा."

दुकानदारानं आतून धूळ खात पडलेले दोन जोड काढले. चिरंजीवांनी ते दुकानभर चालून, कान देऊन, पारखून घेतले. आयुष्यात त्यांनी कोणत्याही चपलेची इतकी खरी परीक्षा घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी नवा जोड घातला नाही. पिठाच्या डब्यामागे परत ठेवलेला नानांचा काढला. आई गॅससमोर उभी होती, चहाचं आधण ठेवून. मुलगा तिच्या मागून चालत गेला. चर्र. टप.

"तुला नाही जमायचं रे," आई न वळता म्हणाली. "ते डावा पाय जरा ओढायचे."

त्यानं डावा पाय ओढला.

"फार झालं. लंगडत नव्हते ते."

त्यानं पुन्हा केलं. थोडा थांबून, थोडं सैल सोडून, पेपर हातात असल्यासारखं. चर्र… टप. चर्र… टप.

या वेळी आईनं चूक काढली नाही. म्हणाली, "खिडकीपर्यंत जाऊन ये."

तो खिडकीपर्यंत गेला आणि परत आला.

"आणखी एकदा," आई म्हणाली.

तो पुन्हा निघाला. मागे चहा वर आला, भांड्याच्या काठावरून गॅसवर फसफसत उतू जाऊ लागला, आणि घरातला एकूण एक आवाज ओळखणाऱ्या त्या बाईला तो ऐकू आला नाही.